खार दिसते, व्याजदर दिसत नाही

बँकांच्या जाहिरात विभागांतील मंडळी आणि त्यांच्यासाठी छापील जाहिराती तयार करणाऱ्या संस्था यांस,

स. न. वि. वि.

वर्तमानपत्राच्या पानावर जाहिराती बसवणं, तपासणं आणि छपाईला सोडणं हे माझं काम. बचत खातं, मुदत ठेव, आवर्ती ठेव यांच्या जाहिराती सतत हाताखालून जातात, त्यामुळे तुमच्या प्राण्यांशी माझी चांगलीच ओळख आहे. अक्रोड छातीशी धरलेली खार, पाठीवर फट असलेलं गुलाबी डुक्कर, नाण्यांच्या चळतीवर चढणारी मुंगी, मधाचं पोळं, कासव, पिल्लाला सोंडेनं सावरणारी हत्तीण, चष्मा लावलेलं घुबड. फाइल उघडण्याआधीच यातलं कोण निघणार याचा अंदाज बांधायचा आणि तो बहुतेक वेळा खरा ठरायचा, हा आमच्या विभागातला जुना विरंगुळा आहे.

प्राणी नकोतच असं मी म्हणत नाही. पानावर नजर आधी डोळ्यांकडे जाते, मग ते डोळे माणसाचे असोत की खारीचे, हे मांडणी करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. काचेची इमारत आणि तिच्यापुढे हाताची घडी घालून उभे असलेले कोटातले चार जण, यापेक्षा खार केव्हाही बरी. माझी तक्रार अशी, की या सगळ्या चित्रांत एक जण कधीच नसतो, आणि तो म्हणजे बँक.

नीट बघा. खार स्वतः हिंडते, स्वतः गोळा करते, स्वतः पुरते आणि भूक लागली की स्वतः उकरून खाते. मुंगीचंही तेच. या व्यवहारात दुसरा पक्षच नाही. ठेव मात्र दोघांमधला करार असते. मी पैसे देतो. तुम्ही ते अमुक दरानं, अमुक मुदतीनंतर परत करायचं कबूल करता. मध्येच मागितले तर अमुक इतकं कापून घेता, शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली तर आकार लावता, आणि दर बदलायचा हक्क बऱ्याच खात्यांमध्ये स्वतःकडे राखून ठेवता. खारीच्या चित्रात यातली माझी बाजू तेवढी येते, तीही स्वभावाचा धडा म्हणून: कष्टाळू राहा, काटकसर करा, पुढचं बघा. जाहिरात वाचून मी कसा असावं हे मला कळतं. तुम्ही कसे वागणार ते कळत नाही. पैसे मात्र तुमच्याकडे जाणार असतात.

हे अजाणता होतं असं म्हणायला मी तयार नाही. अमेरिकेत १९९१ साली बचत खात्यांच्या अटी ग्राहकाला स्पष्ट कळाव्यात म्हणून कायदा झाला. त्याचे जाहिरातींविषयीचे नियम सरळ आहेत. जाहिरातीत वार्षिक परतावा छापला, की त्याच्या बरोबरीनं बाकीचंही छापावं लागतं: दर बदलता आहे का, तो मिळण्यासाठी किमान किती शिल्लक हवी, शुल्कामुळे कमाई घटू शकते का, मुदतीआधी पैसे काढले तर दंड आहे का. चांगला नियम आहे. पण त्याची कळ आकड्याला जोडलेली आहे. आकडाच छापला नाही, तर यातलं बरंचसं छापायची सक्ती उरत नाही. मग पानभर खार, खाली ‘उद्याची सोय आजच’ आणि कोपऱ्यात बोधचिन्ह, एवढ्यावर जाहिरात पूर्ण होते आणि नियमाला धक्काही लागत नाही. कायद्याच्या दृष्टीनं खार हा काही दावा नाही. वाचणाऱ्याच्या मनात मात्र ती दावाच करते: इथे ठेवलेलं सुरक्षित राहील, वाढेल, हवं तेव्हा मिळेल.

‘हवं तेव्हा मिळेल’ हा भाग तर सर्रास खोटा असतो. मुदत ठेवीच्या जाहिरातीत खार घालणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं, की खारीला मुदतपूर्व दंड भरावा लागत नाही.

आता अटींकडे येतो, कारण तिथे माझा रोजचा हात असतो. नेहमीचा नमुना असा. पाव पानाची जाहिरात. वरचे तीन भाग चित्राला, खारीच्या मिशा मोजता येतील इतकं स्वच्छ. मथळ्यातल्या दरावर चांदणी. मग खाली, गर्द हिरव्या पट्ट्यावर, पाच पॉइंटाच्या अगदी बारीक टाइपात, पांढऱ्या अक्षरांत सगळ्या अटी. संगणकाच्या पडद्यावर हे छान दिसतं. तुम्ही मंजुरी देता ती पडद्यावर पाहून, किंवा गुळगुळीत कागदावरची प्रत पाहून. वर्तमानपत्राचा कागद वेगळा. तो शाई पितो, आणि शाई पसरते. गर्द हिरवा रंग दोन-तीन शायांचा मिळून बनतो, प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी, आणि या प्लेटा केसभर जरी इकडेतिकडे झाल्या तरी पांढऱ्या अक्षराच्या कडा भरून येतात. आधी जातो दशांशचिन्हाचा ठिपका. मग अनुस्वार. मग रफार आणि उकार. शेवटी जो हिरवा पट्टा वाचकाच्या हातात पडतो, त्यात अक्षरं आहेत एवढंच कळतं. त्याच पानावर खारीची मिशी शाबूत असते, कारण तिला जागा दिलेली असते.

उपाय काही अवघड नाही. अटी पांढऱ्या जागेवर, एकट्या काळ्या शाईत, पानावरच्या बातमीच्या टाइपाएवढ्या ठेवा. काळी प्लेट एकच, त्यामुळे सरकण्याचा प्रश्न येत नाही. जागा कमी पडत असेल तर खार थोडी लहान करा, तिची काही हरकत नसावी. हे मी जाहिरात पाठवणाऱ्यांना सुचवून पाहिलं आहे. उत्तर ठरलेलं असतं: ‘क्लायंटनं आर्टवर्क अप्रूव्ह केलंय, काही हलवू नका.’ म्हणून आता थेट क्लायंटलाच लिहितो आहे.

प्राणी वापरून सरळ बोलता येत नाही असं नाही. डुकराचंच घ्या. जावा बेटावर मजापहित साम्राज्याच्या काळातले, म्हणजे चौदाव्या-पंधराव्या शतकातले, भाजलेल्या मातीचे डुकराच्या आकाराचे गल्ले सापडले आहेत. पाठीवर पैसे टाकायची फट, आणि काढायची वाट अशी नाहीच. पैसे हवेत तर डुक्कर फोडायचं. आपण आजही ठेव ‘मोडतो’, आणि तिथे तर ती खरीच मोडावी लागे. अट पाच पॉइंटात लपलेली नव्हती, ती हातात धरता येत होती. आत्ताच्या जाहिरातीतलं डुक्कर चकचकीत, हसरं, पोटाखाली रबरी बूच असलेलं असतं. त्यानं गल्ल्याचा आकार घेतला आणि अट टाकून दिली.

याहून अलीकडचं उदाहरण ब्रिटनमधलं. नॅटवेस्ट बँकेनं १९८३ साली मुलांच्या खात्यासाठी चिनी मातीच्या डुकरांचं एक कुटुंब काढलं. खातं उघडलं की वुडी नावाचं लंगोटातलं बाळ मिळायचं. शिल्लक वाढत गेली की त्याची बहीण, मग भाऊ, मग आई, आणि १०० पौंडांवर सूटबूटातले वडील, सर नॅथॅनियल. मुलांना प्राण्यांची लालूच दाखवून खाती उघडायला लावणं कितपत बरं, यावर वाद घालता येईल आणि मी घालेनही. पण जाहिरात म्हणून त्यातली एक गोष्ट मला पटते. प्रत्येक डुक्कर म्हणजे एक अट होती. किती साठवलं की काय मिळणार, हे चित्र पाहूनच दहा वर्षांच्या पोराला कळायचं. प्राण्याला तिथे काम होतं, तो नुसता शोभेचा नव्हता.

तुम्ही म्हणाल, खारीला कुठलं काम देणार? मला तर वाटतं, तुमच्यापैकी कुणी खारीकडे नीट पाहिलेलंच नाही. उत्तर अमेरिकेतली करडी खार ओकची फळं पुरते तेव्हा सगळी एका जागी पुरत नाही. एकेक फळ वेगवेगळ्या ठिकाणी ठेवते. कुणी पाहत असेल तर खोटं खोटं पुरल्याचं नाटकही करते. आणि दोन जातींच्या ओकच्या फळांना ती दोन तऱ्हांनी वागवते. लाल ओकचं फळ वसंतापर्यंत रुजत नाही, म्हणून ते अखंड पुरायचं. पांढऱ्या ओकचं फळ शरदातच कोंब धरतं आणि त्यातला साठा कोंबात जातो, म्हणून ते बहुधा लगेच खाऊन टाकायचं, किंवा पुरायचंच तर आधी दातांनी त्यातला अंकुर कुरतडून काढायचा. म्हणजे काय किती काळ टिकेल हे पाहून कुठलं कसं ठेवायचं ते ठरवायचं. एवढी हुशार ठेवीदार तुमच्या जाहिरातीत येते, आणि तिला तुम्ही अक्रोड धरून गोड हसायला लावता! शिवाय पुरलेल्यापैकी बरंचसं तिला परत मिळतच नाही. काही दुसरे चोरतात, काही विसरतं, काहींची झाडं होतात. जंगलासाठी ही आनंदाची गोष्ट आहे. बँकेच्या जाहिरातीत ती कशी वाचावी, हे मी तुमच्यावर सोडतो.

मधमाशीचंही तसंच. ऑस्ट्रियातल्या रायफायझन बँकांनी ‘सुम्सी’ नावाची मधमाशी मुलांची मैत्रीण म्हणून लोकप्रिय केली, आणि पोळं हे बचतीचं चित्र जगभर चालतं. एका कामकरी माशीच्या आयुष्यभराच्या खेपांतून साधारण लहान चमच्याचा बारावा भाग मध होतो. थेंबे थेंबे साठण्याचं याहून नेमकं माप मिळणार नाही. फक्त शेवटी तो मध काढून कोण नेतो, हा प्रश्न वाचकाच्या मनात येऊ नये एवढी प्रार्थना करा.

आणि एक पक्षी तुम्ही अजून शोधलेलाच नाही, तो मी फुकट सुचवतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात आणि मेक्सिकोत एक सुतारपक्षी आहे. त्याचं कुटुंब एखाद्या वाळक्या झाडाच्या खोडाला भोकं पाडतं आणि प्रत्येक भोकात ओकचं एकेक फळ घट्ट ठोकून बसवतं. पिढ्यानपिढ्या वापरल्या जाणाऱ्या काही झाडांवर अशी हजारो भोकं असतात, मोठ्या कोठारात तर ५०,००० पर्यंत. पण मला आवडतं ते पुढचं. फळं सुकली की आक्रसतात आणि भोकात सैल होतात. सैल फळ चोरायला सोपं. म्हणून हे पक्षी फिरून फिरून फळं तपासतात, आणि जे सैल झालं असेल ते काढून लहान भोकात नेऊन ठोकतात. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सुकत जाते, हे त्यांना कळतं. महागाई ६ टक्के असेल तर पैशाची खरी किंमत सुमारे १२ वर्षांत निम्मी होते. हे वाक्य मी बचतीच्या एकाही जाहिरातीत वाचलेलं नाही. या पक्ष्याचं एक चित्र आणि ‘आमचा दर महागाईच्या वर आहे की खाली, शाखेत विचारा’ एवढी ओळ, अशी जाहिरात कुणी दिली तर मी ती पानावर सगळ्यात चांगल्या जागी बसवायला भांडेन.

कासव वापरणाऱ्यांनाही हेच. संथ पण खात्रीची वाढ हे कासवाचं म्हणणं मला मान्य आहे, पण मग गती सांगा. ७२ ला दरानं भागलं की रक्कम दुप्पट व्हायची वर्षं ढोबळमानानं मिळतात. ३ टक्क्यांना २४ वर्षं. हे कासवाच्या पाठीवर छापता येण्याजोगं आहे, आणि कासवाला शोभणारंही.

बैलाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. बैल शेअर बाजाराचा. न्यू यॉर्कमध्ये शिल्पकार आर्तुरो दि मोदिका यांनी १९८९ च्या डिसेंबरात परवानगी न घेता रातोरात बाजारापुढे आणून ठेवलेला काशाचा बैल आता जगाला माहीत आहे, आणि तेजी म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो. बाजाराच्या निर्देशांकाशी बांधलेल्या ठेवींच्या जाहिरातींत हा बैल आता शिंग उगारून उभा असतो. अशा ठेवीत मुद्दल राखलं जातं, पण बाजार बसला तर परतावा शून्यही असू शकतो. बैल छापता तर शेजारी मंदीचं अस्वलही तेवढंच मोठं छापा. नाहीतर दोघांनाही घरी पाठवा. ज्याला बचत हवी आहे त्याला बैल दाखवून बाजारात नेणं हा जाहिरातीचा सर्वांत वाईट प्रकार आहे असं मी मानतो, आणि इथे ‘अटी लागू’ म्हणून सुटका होता कामा नये.

पिल्लांचं एक. मोठं डोकं, मोठे डोळे, फुगरे गाल दिसले की आपल्यात जपण्याची ऊर्मी जागी होते, हे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं. जाहिरातवाल्यांना ते त्याआधीपासून ठाऊक असावं. हत्तीच्या पिल्लाकडे पाहताना कुणी दंडाची टक्केवारी शोधत नाही. म्हणूनच ती पिल्लाच्या जवळ, नजरेच्या टप्प्यात असावी.

आता ज्यांच्या तोंडावर हे सगळं चालतं त्यांच्याविषयी. रेखाटलेल्या खारीला काही होत नाही. फोटोतल्या प्राण्याचं तसं नाही. नोटा मोजणारा, कोट घातलेला, दात काढून ‘हसणारा’ चिंपांझी अजूनही कुठे कुठे दिसतो. चिंपांझीचं ते दात दाखवणं पुष्कळदा भीतीचं असतं, आणि कॅमेऱ्यासमोर असं बसायला शिकलेलं पिल्लू बहुधा आईपासून लवकर तोडलेलं असतं. त्याचा परिणाम त्या एका प्राण्यापुरता राहत नाही. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक पाहणी आली होती. गोरिला आणि ओरांगउटान धोक्यात आहेत हे जितक्या लोकांना ठाऊक होतं, त्यापेक्षा कमी लोकांना चिंपांझीविषयी ते ठाऊक होतं. कारण विचारल्यावर अनेकांनी सांगितलं, की तो तर चित्रपटांत, टीव्हीवर, जाहिरातींत सारखा दिसतो. सारखा दिसतो म्हणजे पुष्कळ असणार! तुमच्या अर्ध्या पानानं असाही एक हिशेब बिघडवला.

त्यामुळे जिवंत वानरांचे फोटो बंदच करावेत, यावर माझ्याकडून चर्चा नाही. बाकीच्यांचे फोटो विकत घेताना ते कुठे, कसे काढले याची चौकशी तुमची खरेदी शाखा करू शकते. ती पेन्सिलींच्या दराची करते तशी. हातात छत्रीसारखं पान धरलेला बेडूक, गोगलगायीवर स्वार झालेला बेडूक, असे फोटो निसर्गात आपोआप मिळत नसतात.

आणि मानधन. माणूस मॉडेल म्हणून उभा राहिला तर त्याला पैसे मिळतात. सिंहाला, हत्तीला, खारीला काही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साथीनं २०१८ मध्ये ‘द लायन्स शेअर’ नावाचा निधी सुरू झाला. जाहिरातीत प्राणी वापरला, तर त्या जाहिरातीच्या माध्यमखर्चाच्या ०.५ टक्के रक्कम वन्यजीवांसाठी द्यायची, एवढीच त्याची कल्पना. दर हजारी पाच. त्या निधीत द्या किंवा दुसरीकडे द्या, पण प्राण्याच्या नावानं बाजूला काढा आणि जाहिरातीतच तसं छापा. बचतीचे धडे देणाऱ्यांनी ज्याच्या चेहऱ्यावर ठेवी गोळा केल्या त्याच्या नावानं थोडं साठवायला काय हरकत आहे?

पुढची जाहिरात मंजूर करताना ती एकदा वर्तमानपत्राच्या कागदावर छापून, घरातल्या चाळिशी लागलेल्या कुणाच्या तरी हातात द्या. पहिल्या वाचनात दर, मुदत आणि मोडल्यास किती कापणार, ही तीन उत्तरं त्यांना मिळाली तर खार खुशाल ठेवा. नाही मिळाली तर फाइल परत पाठवा. आमच्याकडे जाहिराती आदल्या संध्याकाळपर्यंत बदलून मिळतात.

कळावे,

आपल्या जाहिराती पानावर बसवणारा एक मांडणीकार